कुणी राहिलंय का जेवायचं?

या हो, असे पुढं सरकून बसा. मागं भिंतीला टेकलं की गोष्ट अर्धीच कानावर येते, आणि पोट भरलेलं असलं तर डोळाही लागतो. आज सांगायची ती गोष्ट जेवणाचीच आहे. समुद्राकाठी सुट्टीला गेलेल्या एका कुटुंबाला दोन दिवस जेवायला जागा सापडेना, तिची. हॉटेलं नव्हती असं नाही. भाताचे डोंगर रचलेली, गोडाची ताटं ओसंडणारी हॉटेलं होती. तरी जागा सापडेना. शेवटी ती कुठं सापडली, ते सांगितल्याशिवाय आज कुणाला उठू देणार नाही.

मंगलाबाई साताऱ्याकडच्या, कोरेगाव तालुक्यातल्या. वय त्रेसष्ट, गळ्यात तुळशीची माळ, आणि स्वभाव असा की एकदा हो म्हटलं की त्या शब्दावर घर बांधावं. एकुलता एक मुलगा प्रवीण चौदा वर्षांपूर्वी एसी दुरुस्तीच्या कामाला बहरीनला निघाला, त्याच आठवड्यात गावच्या देवळात सप्ताह बसला होता. मुलाला एसटीत बसवून बाई घरी न जाता तशाच देवळात येऊन बसल्या. रडायचं ते कीर्तनात रडता येतं, तिथं कुणी विचारत नाही.

बुवा उभे होते. मृदंगावर हात ठेवून त्याला थांबवलं आणि बुवा म्हणाले, "मायबाप, पान वाढून घेतलंत, घास उचलणार, तेवढ्यात जरा थांबा. उठा आणि दारात या. गाईची धार काढायला जेवढा वेळ लागतो ना, तेवढा वेळ दारात उभे राहा, आणि हाक द्या. कुणी राहिलंय का जेवायचं? आला कुणी, तर आधी त्याचं पान. मग तुमचं." आणि पुन्हा टाळांचा असा गजर उठला की देवळावरचे पारवे उडाले.

बाईंनी तिथंच हात जोडून नेम धरला. बुवांनी सांगितला त्याहून कडक. दुपारी बाहेरचं एक माणूस आपल्या हातानं जेवू घातल्याशिवाय दिवसभर अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. का, ते कुणाला सांगितलं नाही. मनात हिशोब साधा होता. माझं पोरगं परमुलखात आहे, त्याला तिथं कोण विचारणार? मी इथं विचारीन. मग तिथं कुणीतरी त्याला विचारील.

चौदा वर्षांत त्या पानावर कोण कोण बसलं! पोस्टमन बसला, मीटर वाचायला आलेला पोरगा बसला, एसटी बंद पडली म्हणून कंडक्टर बसला. निवडणुकीत तर दोन्ही पक्षांचे प्रचारवाले एकाच दुपारी आले. बाईंनी त्यांना एकाच सतरंजीवर बसवलं आणि म्हणाल्या, "बोलायचं न्हाई, जेवायचं."

आता प्रवीणचं चांगलं चाललं होतं. सित्र्यातल्या कंपनीत सुपरवायझर, गुदैबियात दोन खोल्यांचा फ्लॅट, बायको विशाखा एका दवाखान्यात अकाउंट्स बघणारी, नऊ वर्षांची कस्तुरी. बाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या, आणि नेमही त्यांच्याबरोबर विमानानं आला. इमारतीचा वॉचमन साद हा इजिप्तचा गडी. पहिल्या दिवशी पिठलं-भाकरीकडं तो पंचनाम्याला आल्यासारखा बघत होता. दुसऱ्या आठवड्यात जिन्यातूनच ओरडायला लागला, "मामा, ठेचा मफी?" म्हणजे आज ठेचा नाही का?

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना डिसेंबरातली नॅशनल डेची सुट्टी आली. विशाखानं दोन महिने आधी झल्लाकच्या समुद्रावरचं एक रिसॉर्ट ठरवून ठेवलं होतं. "सहा वर्षांत पहिल्यांदा, आई," ती म्हणाली, "दोन दिवस मी गॅस पेटवणार नाही. कुणी चहा मागितला तरी समुद्राकडं बोट दाखवीन."

"दाखव, पोरी," बाई म्हणाल्या. "माझ्या वाटचं बी दाखव."

बाईंनी समुद्र आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो असा. हिरवा, उथळ, धुतलेल्या पातळासारखा पसरलेला. कितीतरी वेळ त्या गुडघाभर पाण्यात पातळ धरून उभ्या राहिल्या. कस्तुरी म्हणाली, "आजी, इट्स जस्ट वॉटर." बाई म्हणाल्या, "व्हय गं, पण कुणाच्या विहिरीचं न्हाई."

मग दुपार झाली.

रिसॉर्टचं जेवणघर काचेचं होतं, समुद्राला लागूनच. आत जायचं तर मनगटावर हॉटेलनं बांधलेला निळा कागदी पट्टा दाखवायचा. दाराशी काळ्या कोटातली एक मुलगी उभी होती, छातीवर नाव, शमा. नेपाळची असावी, पण हिंदी चांगलं बोलायची. प्रवीणनं टेबल धरलं. विशाखानं कस्तुरीची प्लेट भरली. आणि मंगलाबाई हात धुऊन सरळ दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"कुणी राहिलंय का जेवायचं?"

आवाज सप्ताहात घडलेला. काचा हादरल्या नाहीत, पण माना वळल्या.

"आई!" प्रवीण धावत आला. "इथं असं नसतं."

"मग कसं असतं?"

"इथं फक्त पट्टेवाले जेवतात. आणि त्यांचं सगळ्यांचं पैसे भरून आधीच ठरलेलं असतं. उपाशी कुणी नाही इथं."

बाईंनी दाराशी उभ्या असलेल्या शमाकडं पाहिलं. "तू जेवलीस का, पोरी? खाना खाया?"

शमा गडबडली. "मॅम, ड्यूटी है. स्टाफ यहाँ नहीं खा सकता."

"मग बाहेरचं कुणी बोलावलं तर?"

"बिना बँड अलाउड नहीं, मॅम."

बाईंनी मान डोलावली. त्यांना मुलीचा राग आला नाही. ती दुसऱ्याच्या दारात उभी होती, दार तिचं नव्हतं. बाई धार काढायला लागतो तेवढा वेळ तिथं थांबल्या, मनातल्या मनात गाईचे चारी सड पिळून झाले, बादली भरली. कुणी आलं नाही. त्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही जेवा. मी दूध-केळ घेते."

"आई, तुमची शुगरची गोळी आहे," विशाखा म्हणाली.

"दुधाबरोबर चालती. डॉक्टरला विचारलंय."

विशाखानं चमचा ठेवून दिला. तिच्यापुढं भरलेली प्लेट, पुढं समुद्र, आणि शेजारी उपाशी सासू. असल्या जेवणाला चव कुठून येणार? संध्याकाळी प्रवीणनं सगळ्यांना गाडीत घातलं आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरवलं. एका मासळीच्या हॉटेलात सुट्टीची रांग, तिथं प्रत्येक माणूस आपल्याच माणसांनी घेरलेला. एका पिझ्झाच्या दुकानात बाईंनी शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थाला विचारलं, तर तो घाबरून बिल देऊन निघून गेला. वाळवंटाच्या कडेला तंबू ठोकलेल्या एका बहरिनी कुटुंबानं तर उलट यांनाच हाका मारल्या, या बसा, भात खा. बाईंनी छातीवर हात ठेवून नमस्कार केला. पण मटणाचा भात, गळ्यात माळ. आणि नेम जेवू घालायचा होता, जेवायचा नव्हता.

"तुमच्या आईला उपाशी माणूस पाहिजे," परतताना विशाखा प्रवीणला म्हणाली, "आणि अख्ख्या बहरीनमध्ये आज एकच उपाशी माणूस आहे. त्या स्वतः."

कस्तुरी हसली. बाईही हसल्या. पण विशाखाच्या डोळ्यांत पाणी होतं, ते बाईंनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी सगळे वाळूत बसले होते. कस्तुरी शिंपले वेचत होती. प्रवीण आईजवळ येऊन बसला. रात्री नवरा-बायकोत ठरलं असणार, कारण तो पाठ करून आल्यासारखा बोलायला लागला.

"आई, एक मागतो, नाही म्हणू नको. आजची दुपार नेम सोड. देव काय रागावणार नाही. विशाखानं किती हौसेनं हे ठरवलं होतं. आणि असा कशासाठी धरलास हा नेम, ते तरी सांग. काय मागितलंस देवाकडं?"

चौदा वर्षं जे ओठांवर आलं नव्हतं, ते आता सुनेच्या डोळ्यांतल्या पाण्यापायी आलं.

"तुझं जेवण मागितलं," त्या म्हणाल्या. "तू एसटीत बसलास, आन् मला वाटलं, याला तिथं कोण विचारणार जेवलास का? म्हणून मी इथं एकाला विचारायचं, म्हंजी तिथं तुला कुणीतरी विचारील. एवढंच."

प्रवीण हसायला गेला. "मग झालं की! मी जेवतोय रोज. पोट बघ हे. मिळालं तुझं मागणं. आता सोड."

"आता जेवतोयस. पर त्या पहिल्या दिसांत? रोज फोनवर म्हणायचास, व्हय आई, जेवलो. जेवत होतास ना?"

मंडळी, माणूस बॉसशी खोटं बोलतो, बायकोशी बोलतो, स्वतःशी तर रोज बोलतो. पण आईनं असं तोंडावर विचारल्यावर? प्रवीणची मान खाली गेली. तो वाळूत बोटानं रेघा ओढायला लागला.

"नव्हतो," तो म्हणाला.

पलीकडं पुस्तक वाचणाऱ्या विशाखानं पुस्तक मिटलं.

मग त्यानं सांगितलं. सलमाबादच्या कॅम्पमध्ये तो गुरुवारी संध्याकाळी उतरला. मेसमध्ये जेवायला यादीत नाव लागायचं, आणि नाव लागायला आयडी कार्ड यावं लागायचं. कार्डाचा पत्ता नाही. कुणाला सांगायची लाज. पहिले दोन दिवस गावाहून नेलेल्या चिवड्यावर गेले. तिसऱ्या दुपारी सगळे जेवून कामावर गेले, आणि हा पाण्याच्या टाकीमागं बसून राहिला.

"तेव्हा स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं, आई. आचारी बाहेर आला. हात पुसत उभा राहिला आणि नुसता हवेत ओरडला, 'कोई रह गया क्या?' मी बोललो नाही. तो आत गेला नाही. तसाच उभा. पुन्हा म्हणाला, 'अरे भाई, कोई रह गया क्या?' मी उठलो. यादी नाही, कार्ड नाही, काही विचारलं नाही त्यानं. दुसऱ्या स्टोव्हवर माझ्यासाठी बिनमटणाची डाळ वेगळी करायला लागला. अकरा दिवस. माझं नाव यादीत लागेपर्यंत."

बाईंच्या हातातली वाळू हळूहळू गळून गेली.

"नाव काय त्याचं?"

"रहिमतुल्ला. बिहारचा, सिवानचा."

"काल तू दारात हाक मारलीस ना," प्रवीण पुढं म्हणाला, "मला लाज वाटली म्हणून मी धावलो असं तुला वाटलं असेल. वाटलीच. पण ती तुझी नव्हती. ती हाक ऐकली आणि तो डोळ्यांपुढं आला. मी नऊ वर्षांत त्याला भेटलेलो नाही, आई. आधी सित्र्याला बदली झाली, मग फ्लॅट, मग या दोघी. सलमाबादवरून गाडी जाते रोज. खिडकीची काच खाली केली नाही कधी."

"तो अजून हाय तिथं?"

"असेल. माहीत नाही."

मंगलाबाई उठल्या. पातळाची वाळू झटकली. गुडघ्यांनी कुरकुर केली, तिच्याकडं लक्ष दिलं नाही.

"मग बसलायस काय? माझं माणूस सापडलं."

"आई, सुट्टी आहे आज. तो कुठं असेल, काय असेल... आणि इथलं लंच साडेतीनला बंद होतं."

"बंद होऊ दे."

प्रवीणनं विशाखाकडं पाहिलं. त्याला वाटलं, आता मात्र फुटणार. गेले दोन महिने ती या दोन दिवसांवर जगत होती. विशाखानं चपला शोधल्या, एक सापडली, दुसरी सापडेना, तर ती अनवाणीच गाडीकडं निघाली.

"किल्ली दे," ती म्हणाली. "तू चालवलंस तर चार वाजतील. कस्तुरी, यल्ला, चल!"

झल्लाकहून सलमाबाद काही फार लांब नाही. पण सुट्टीच्या दिवशी लाल-पांढरे झेंडे लावलेल्या गाड्यांच्या रांगेत ते अंतर वाढतं. बाई पुढच्या सीटवर ताठ बसल्या होत्या, जणू त्या बघत राहिल्या तर रस्ता आपणहून बाजूला होणार होता. पोटात कालपासून दूध-केळं. पण चेहरा देव्हाऱ्यातल्या समईच्या सरळ ज्योतीसारखा.

गोदामांच्या मागं कॅम्प होता. सुट्टी असल्यामुळं अंगणात पोरं क्रिकेट खेळत होती. दोरीवर कपडे. प्रवीणनं गाडीतून उतरून पाण्याची टाकी पाहिली. ती तिथंच होती. मागं ते दारही तिथंच. अडीच वाजून गेले होते. तो दारासमोर उभा राहिला, आणि हाक मारायला तोंड उघडलं.

आतूनच दार उघडलं. दाढी पांढरी झालेला, खांदे वाकलेला एक माणूस हात पुसत बाहेर आला. समोर कोण आहे ते न बघता, रोजच्या सवयीनं, हवेत म्हणाला, "कोई रह गया क्या?"

"मैं नहीं, भाई," प्रवीण म्हणाला. "तुम रह गए."

रहिमतुल्लानं डोळे बारीक केले. ओळखायला वेळ लागला. मग म्हणाला, "टंकीवाला?" आणि हसला. "अरे, कितना मोटा हो गया!"

तोवर मंगलाबाई येऊन पोचल्या होत्या. त्यांनी मुलाला बाजूला केलं. त्यांचं हिंदी म्हणजे मराठीलाच परगावी पाठवल्यासारखं.

"तुम जेवण किया?"

"नहीं अम्मा. सब का होने के बाद. तीन बजे के आसपास बैठता हूँ."

"आज बैठनेका नहीं. मतलब, बैठनेका, लेकिन इधर नहीं. हमारे साथ चलो. समुद्र पे."

"समंदर?" रहिमतुल्ला मागं सरला. "अरे नहीं, बर्तन पड़ा है, शाम का चावल..."

मागं भांडी घासणारे दोघं ऐकत होते. त्यातला एक ओरडला, "चाचा, जाओ! बाईस साल से बर्तन कहीं गया है? खलास, हम देख लेंगे."

"बाईस साल इधर," प्रवीणनं विचारलं, "समंदर देखा?"

"देखा. बस की खिड़की से. सित्रा जाते टाइम पुल पे."

"बैठके?"

रहिमतुल्ला वळला. आत गेला, आणि धुतलेला सदरा घालून आला.

कोपऱ्यावरच्या केरळी कॅफेटेरियातून विशाखानं गरम परोटे, काबुली चणे, डाळ आणि भाजी बांधून घेतली. "दोन दिवस गॅस पेटवणार नाही म्हटलं होतं, तो शब्द मी पण मोडत नाही," ती सासूला म्हणाली. "पण तुमच्या हातचं नाही हे. चालेल?"

"वाढणारा हात माझा," बाई म्हणाल्या. "तेवढं बास."

रिसॉर्टच्या भिंतीच्या पलीकडं सगळ्यांसाठी मोकळा किनारा होता. तिथं कुणाच्या मनगटाला काही बांधलेलं नव्हतं. गाडीत सूर्यापासून आडोसा करायची चटई होती, ती वाळूवर अंथरली. कागदी ताटल्या मांडल्या. बाईंनी पिशवीच्या तळातून गावाहून आणलेले शेंगदाण्याचे लाडू काढले, जपून ठेवलेले शेवटचे पाच.

आणि पहिली अडचण आली. रहिमतुल्लाला बसून जेवायचं माहीतच नव्हतं. बाईंनी परोटा वाढला की तो उठून डाळीचं भांडं उचलायचा आणि कस्तुरीला वाढायला जायचा. पुन्हा बसवला की पाणी द्यायला उठायचा.

"बैठो!" शेवटी बाई गरजल्या. "चौदा वर्षं झाली माझ्या पोराला वाढून. आज तुम्ही नहीं उठनेका!"

विशाखानं हिंदीत सांगायची गरजच पडली नाही. रहिमतुल्ला बसला. पहिला घास घेतला. समोर हिरवं पाणी, त्यावर दुपारचं ऊन. दुसरा घास घ्यायला त्याला थोडा वेळ लागला. प्रवीण दुसरीकडं बघत होता.

"अम्मा," रहिमतुल्ला म्हणाला, "मुझे तो याद भी नहीं था. ग्यारह दिन की दाल, उसमें क्या है?"

"तुमको याद नहीं," बाई म्हणाल्या. "मेरेको चौदा वर्ष रोज याद था. नाव मालूम नव्हतं, एवढंच."

मग त्यांनी स्वतःचं पान वाढून घेतलं. परोटा, डाळ, अर्धा लाडू. दोन दिवसांतलं पहिलं अन्न. विशाखानं गोळी आणि पाण्याची बाटली जवळ ठेवली. सगळ्यांना वाटलं, आता जेवतील. पण बाई पान तसंच ठेवून उठल्या.

"आता काय, आई?" प्रवीण म्हणाला. "जेवला ना तुझा पाहुणा!"

"तो पाहुणा न्हाई, घरचा हाय. चौदा वर्षांपासनं. पाहुणा आता बघायचाय."

विशाखा डोक्याला हात लावून हसायला लागली. त्या हसण्यात कालचं सगळं वाहून गेलं.

बाईंनी वाळूवर उभं राहून हाक द्यायला श्वास घेतला. पण त्यांच्या आधी कस्तुरी उठली. ही पोर, जी मराठी ऐकून इंग्रजीत उत्तर द्यायची, तिनं तोंडाशी हात नेले आणि आजीच्याच सुरात, टिपेला ओरडली,

"कुणी राहिलंय का जेवायचं?"

भिंतीच्या कडेनं स्टाफच्या बसकडं निघालेली एक मुलगी थबकली. काळा कोट हातावर होता, पायात साध्या चपला. शमा. तिला शब्द कळले नसतील, पण कालची बाई आणि कालचा सूर ओळखला असणार. तिनं मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, बस किती वेळानं आहे याचा अंदाज घेतला.

रहिमतुल्लानं चटईवर सरकून जागा केली. "आओ बेटी. अभी गरम है."

मंगलाबाई घटकाभर तशाच उभ्या राहिल्या, धार काढायला लागतो तेवढाच वेळ. शमा चपला काढून चटईवर बसली, तिचं पान वाढलं गेलं. मग बाई खाली बसल्या, ताटलीला हात जोडले, आणि जेवल्या.

तर मंडळी, अशी ही जागा सापडली. आता घरी जाल, पान वाढून घ्याल. घास उचलण्याआधी दाराकडं एकदा बघा, आणि मंगलाबाईंची नाही काढलीत तरी चालेल, पण सलमाबादच्या त्या मागच्या दारातल्या रहिमतुल्लाची आठवण तेवढी काढा.